यादीत न लिहिलेली हाक

"मग यंदा तिच्या दारात जानार कोन गं?"

विहिरीवर दोघी जणी पाणी शेंदत होत्या. मी कळशी घेऊन चिंचेच्या बुंध्याआड थांबले होते. विहीर मोकळी झाली की मगच पुढे व्हायचं, अशी माझी रोजची रीत.

"कोन जानार? आळीची होळीच नाय, तर हाक कशाची मारतील?"

"म्हंजे ती बसूनच ऱ्हायची?"

"बसंल. यंदा गावाची होळी हाय ना. साऱ्यांची. म्हंजे कुनाचीच नाय."

एवढ्यात एकीची नजर माझ्याकडे गेली. "आली बघ मडमीन," ती म्हणाली. "इंग्रजीत बोलते म्हनं."

"कुनाशी?" दुसरीने विचारलं, आणि दोघी हसत हसत हंडे डोक्यावर घेऊन निघून गेल्या.

असल्या थट्टेची मला सवय होती. पण त्या दिवशी मी अर्धीच कळशी भरून परत फिरले. त्या जे बोलल्या ते मला तीन आठवड्यांपासून ठाऊक होतं. होळीची यादी झाली त्या दिवसापासून. ती यादी माझ्या अक्षरात होती.

आमचं गाव मुंबई-पुण्याच्या हमरस्त्यावर, खालापूरच्या थोडं अलीकडे. भाताची खाचरं, त्यांच्यामागे डोंगर, डोंगराच्या उतारावर ठाकरांच्या तीन वाड्या. गावात आळ्याही तीनच: वरची, मधली आणि खालची. आम्ही खालच्या आळीत राहत होतो. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, घाटावरचे. शाळामास्तर म्हणून बदलीवर आले आणि इथेच राहिले. पंचायतीचे चिटणीसही तेच. मी मात्र लहानपणापासून मुंबईला मामांकडे होते. मामांना मूल नव्हतं. त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं आणि कौतुकाने शिकवलं. पुढे लढाईच्या भीतीने मुंबई रिकामी होऊ लागली तेव्हा त्यांनी मला गावी पाठवून दिलं. मी पंधरा वर्षांची होते. मला भाकरी थापता येत नव्हती आणि चारचौघांत तोंड उघडता येत नव्हतं. भाकरी मी शिकले.

ती मला शिकवली समोरच्या काकीने. आमच्या घरासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे तिचं घर. नवरा फार पूर्वी वारलेला, एक मुलगा, एक मुलगी, आणि ओढ्याकाठी थोडं भात. माझी पहिली भाकरी परातीतच फाटली तेव्हा ती हसली नाही. तो गोळा मोडून तिने पुन्हा माझ्या हातात दिला. मी गप्प असते हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. म्हणाली, "तू नको बोलू. मी बोलते. येकीनं बोललं की दोघींचं होतं." आणि मग ती बोलत राहायची. रेडकाबद्दल, पावसाबद्दल, मुलाला खोपोलीला लागलेल्या कामाबद्दल. गावात माझ्याकडून उत्तराची अपेक्षा न ठेवणारी तेवढी एकच जागा होती.

लढाई संपली त्या वर्षीच्या भाद्रपदात तिचा मुलगा तापाने गेला. चार दिवसांचा ताप. तापावरचं औषध, कोयनेल, कुठेच मिळालं नाही. अण्णा त्यासाठी कर्जतपर्यंत जाऊन हात हलवत परत आले. ते रस्त्याच्या वळणावर दिसले तेव्हाच समोरच्या घरातून रडणं ऐकू आलं.

त्यानंतर काकीने चुलीवर फोडणी घातली नाही. केसांना तेल लावलं नाही. बाजाराला जायची नाही, कुणाच्या उंबऱ्यात पाऊल ठेवायची नाही. खालच्या आळीचा रिवाज तसाच होता. घरात माणूस गेलं की येणाऱ्या शिमग्यापर्यंत दुखवटा. आणि तो आपला आपण संपवायचा नाही. आळीने येऊन संपवायचा.

ते कसं करतात हे मी दोन वर्षांपूर्वी खिडकीतून पाहिलं होतं. आळीच्या टोकाच्या घरातली बाई त्या वर्षी गेली होती. सांजेला आमच्या आळीची होळी पेटली, आणि आळीतला सर्वांत वडील माणूस, ज्याला लहानथोर सगळे आजा म्हणत, त्याने होळीतला जळता गोवरीचा तुकडा खापरावर घेतला. रस्त्याने चालत तो त्या दारासमोर गेला. अंगणात पाऊल टाकलं नाही. रस्त्यावरच उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "बाबा रं, आळीची होळी पेटली. भायेर ये." असं तीन वेळा. तिसऱ्या हाकेला त्या बाईचा नवरा बाहेर आला. आज्याने त्याच्या कपाळाला राख लावली आणि त्याला हाताला धरून होळीपाशी नेलं. परतताना तो माणूस तेच खापर घेऊन घरी आला आणि त्या विस्तवाने त्याने आपली चूल पेटवली. दुसऱ्या दिवशी तो बाजाराला गेला. कुणीतरी त्याची थट्टा केली आणि तो हसला. मी काकीला विचारलं होतं की त्याला स्वतःहून होळीला नसतं का जाता आलं? ती म्हणाली, "आपल्या पायानं कसं यायचं गं? मग मेलेल्या मानसाला काय वाटंल?"

यंदा तिच्याच दारात हाक यायची होती. ती बोलत नसे, पण वाट पाहत होती. मुलीचं लग्न लोधिवलीला जवळजवळ ठरलं होतं. मुलाकडच्यांनी सांगितलं होतं की शिमग्याला दुखवटा निघाला की वैशाखात उरकून घेऊ. काकीची मुलगी माझ्याच वयाची. तो मुलगा तिने एकदाच, बाजारात, लांबून पाहिला होता. "उंच हाय," एवढंच तिने मला सांगितलं होतं, आणि तेवढं सांगताना ती दाराची कडी उगाच लावत-काढत राहिली होती.

आता होळीचं. पूर्वी तिन्ही आळ्या आपापल्या तोंडाशी, रस्त्यातच होळी पेटवत. खड्डा ठरलेल्या जागी खणायचा आणि रंगपंचमी झाली की मातीने बुजवायचा. लढाईत लष्कराच्या लॉऱ्या सुरू झाल्या आणि रस्त्यावर डांबर आलं. तरी लोकांनी पहारीने डांबर फोडून खड्डे केलेच. मग एका शिमग्यानंतर नीट न बुजवलेल्या खड्ड्यात एका लॉरीचं चाक गेलं. माणसं वाचली, पण पोती रस्ताभर सांडली, आणि पुढच्या माघात वरून साहेबाचं इंग्रजी पत्र आलं की डांबरी रस्त्यावर खड्डा नको आणि आगही नको. गावाने काय ठरवलं ते कळवावं.

पंचायतीची बैठक आमच्या ओटीवर बसली. मी आत, माजघराच्या दाराशी, दौत-टाक घेऊन. अण्णांना इंग्रजी पत्र लिहिता येत नसे. ते मराठीत सांगत आणि मी उतरवत असे.

"होळी काय सायबाच्या छातीवर पेटवतो का आमी?" मधल्या आळीचा एक पंच म्हणाला.

"छातीवर नाय रं, डांबरावर," शेजारचा म्हणाला. "त्येला छातीपरीस डांबर प्यारं हाय."

हशा झाला. सरपंच वरच्या आळीचे, अंगाने भारी, स्वभावाने शांत. ते हशा ओसरेपर्यंत थांबले. "सायेब होळी नको म्हनत नाय. रस्त्यावर नको म्हनतो. शाळंमागं माळ पडलाय. तितं येकच होळी करू. साऱ्या गावाची."

"आनि पेटवायची कुनी? तुमच्या आळीनं?"

"मग काय तुमच्या?"

आवाज चढले. तेव्हा अण्णा मध्ये पडले. गावाची एकच होळी ही कल्पना त्यांना मनापासून आवडली होती. देशात जे चाललं होतं त्याच्याशी त्यांना ती जुळणारी वाटत असावी. ते म्हणाले, "भांडायचं कारण नाही. ज्या आळीचा जो मान आहे तो तिच्याकडेच राहील. एकेक सांगा, आपण सगळं लिहून घेऊ. कुणाचंही काही बुडायचं नाही."

मग एकेक मान निघाला. अग्नी वरच्या आळीने द्यायचा. ढोल मधल्या आळीचा. पहिला नारळ आणि पहिली प्रदक्षिणा खालच्या आळीची. गोवऱ्या कुणी, गुळाचा निवद कुणी, पाणी कुणी फिरवायचं. मी लिहीत होते. अंगणाच्या कडेला वाडीवरचा एक ठाकर बसला होता. होळीत मधोमध उभं करायचं सावरीचं झाड दर वर्षी डोंगरातून तेच लोक आणत. त्याने हळूच विचारलं, "तीन वाड्या तीन आळ्यांना सावरी देत होतो जी. आता येकच?"

"येकच."

"मंग दोन वाड्यांनी काय करायचं?"

"ते तुमी आपसात बघा रं," सरपंच म्हणाले. अण्णांनी मला सांगितलं, "लिही, सावर वाडीकडून." मी लिहिलं.

शेवटी अण्णांनी विचारलं, "खालच्या आळीचं आणखी काही राहिलं?"

खालच्या आळीचा एकटा पंच म्हणजे आजा, तो खांबाला टेकून बसला होता. मी दाराच्या फटीतून त्याच्याकडे पाहत होते. त्याने तोंड उघडलं. मग रस्त्यापलीकडे, काकीच्या बंद दाराकडे पाहिलं आणि तंबाखू मळू लागला. "नाय मास्तर," तो म्हणाला. "शुभाचं सारं झालं."

तो का थांबला ते मला कळलं. सणाच्या बैठकीत दुखवट्याचं नाव कोण काढणार? आणि हाक हा कुणी हक्काने मागावा असा मान नव्हता. वरच्या आणि मधल्या आळीत हा रिवाजच नव्हता. अण्णा घाटावरचे. होळीच्या वेळी ते दर वर्षी सरपंचांबरोबर वरच्या आळीत असत. आपल्याच दारासमोर काय घडतं ते त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो बोलू शकत नव्हता, आणि बाकीच्यांना ठाऊक नव्हतं. उरले मी. मला अशुभाचं भय नव्हतं आणि ठाऊक तर सगळं होतं. टाक उचललेलाच होता. एक ओळ वाढवायची होती, किंवा दाराशी जाऊन एक वाक्य बोलायचं होतं.

"झालं का गं लिहून?" अण्णांनी विचारलं.

मी दारावर बोटाने टकटक केली. झालं याची ती आमची खूण होती.

कागद गेला. पंधरा दिवसांनी साहेबाचं उत्तर आलं. योजना मान्य. यादी अतिशय स्पष्ट आणि पूर्ण आहे, असं त्याने खास लिहिलं होतं. अण्णांनी ते पत्र घडी मोडेपर्यंत लोकांना दाखवलं. "पोरीने लिहिलंय," असं सांगत. मला आनंद झाला. आज लिहितानाही लाज वाटते, पण झाला.

आणि मग विहिरीवर त्या दोघींचं बोलणं कानावर आलं. होळीला आठ दिवस होते. वेळ गेलेली नव्हती. एके दिवशी दुपारी अण्णा वह्या तपासत बसले होते, तेव्हा मी जवळ जाऊन उभी राहिले.

"अण्णा."

"काय गं?"

"दौत भरून ठेवू का?"

"भर की," ते म्हणाले.

होळीच्या दिवशी डोकं दुखतं असं सांगून मी घरी थांबले. अण्णा दुपारपासूनच माळावर होते. आई निवदाचं ताट घेऊन आळीतल्या बायकांबरोबर गेली. मी खिडकीशी बसले.

काकीचं अंगण त्या दिवशी सारवलेलं होतं. भाद्रपदानंतर पहिल्यांदा. दार उघडं होतं. उंबऱ्याच्या आत काकी पाटावर बसली होती, न्हालेली, स्वच्छ धुतलेलं लुगडं नेसलेली. समोर ताटात नारळ. मागे चूल लिंपून ठेवलेली, न पेटवलेली. मुलगी दाराच्या फळीला धरून उभी होती. तिने केस विंचरले होते, पण तेल लावलेलं नव्हतं. ते हाकेनंतर लावायचं होतं.

यंदा हाक यायची नाही हे तिच्या कानावर आलं नसेल असं नाही. बायका बोलत होत्याच. तरीही ती बसली होती.

उन्हं डोंगरामागे गेली. शाळेमागून ढोल ऐकू आला, मग बोंबा, मग कौलांवरून वर चढणारा धूर. रस्त्यावर कुणीच नव्हतं. तीन होळ्या असायच्या तेव्हा या वेळी इथे पाऊल ठेवायला जागा नसायची. आता काळं डांबर सरळ पडलेलं होतं, आणि त्याच्या ज्या टोकाकडून आजा यायचा तिकडे काकी पाहत होती.

मी उठले. आमच्या चुलीत विस्तव होता. तो आळीच्या होळीचा नव्हता, पण विस्तव होता. मी दारापर्यंत आले. रस्ता वीस पावलांचा असेल. मी कडी काढली, दार उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिले. काकीने मला पाहिलं.

"बाय," तिने तिथूनच विचारलं, "आजा येताना दिसतोय का गं?"

मी मान हलवली. नाही.

"बरं," ती म्हणाली.

मी उंबरा ओलांडला नाही. ओठ हललेही असतील. मग माळावरून माणसं परतताना ऐकू येऊ लागली, मुलांचे आवाज, हसणं. ते ऐकताच काकी घाईने उठली. तिने नारळाचं ताट आत सरकवलं, पाट उचलला आणि दार लावून घेतलं. आपण वाट पाहत बसलो होतो हे कुणी पाहू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजा तिच्या घरासमोर रस्त्यावर येऊन उभा राहिला. हातात खापर नव्हतं. मी खिडकीत होते.

"बाय, माज्यावर राग धरू नको. इस्तव वरल्या आळीच्या हातचा. तो तुज्या लेकाच्या नावानं तुज्या दारात कसा आनू? आनि मला कुनी जा म्हनलं बी नाय."

दार उघडलं नाही. आतून काकी म्हणाली, "तुमचं नाय चुकलं, आजा. यादीत नव्हतं म्हनत्यात."

 आजा काठी टेकत परत गेला.

चैत्रात लोधिवलीहून मुलाचा चुलता बैलगाडीने आला. दुखवट्याच्या घरात नको म्हणून आमच्या ओटीवर बसला. पाणी प्याला आणि अण्णांना म्हणाला, "मास्तर, पोरगी गुनाची हाय, आमाला ठाव हाय. पन दुखवटा निगाला नाय त्या घरातनं सून कशी न्यायची? आमच्यात म्हातारी मानसं हायेत."

"निघाला नाही म्हणजे?" अण्णा गोंधळले. "सहा-सात महिने होऊन गेले की."

"म्हयन्यांचा हिशोब नसतो मास्तर. निगाला का नाय, येवढंच."

तो गेल्यावर अण्णांनी सरपंचांना विचारलं. सरपंच म्हणाले, "ह्या बायकांच्या गोष्टी, मास्तर. आमच्या आळीत असलं काय नाय." अण्णांनी तो विषय सोडून दिला. आईला किंवा मला त्यांनी विचारलं नाही. मला काही ठाऊक असेल असं त्यांच्या मनातही आलं नसावं.

आळीतल्या बायका काकीला सांगून पाहत होत्या की तूच ये, लाव राख आणि सोड. ती एकच उत्तर देई, "हाक आली नाय, मी कशी उठू?" मला तेव्हा वाटायचं की हा हट्ट आहे. आता वाटतं, तिच्या हातात मुलाचं तेवढंच उरलं होतं. त्याला निरोप चारचौघांनी द्यावा, असं तिला वाटत होतं. तो तिने एकटीने, चोरून, कसा द्यावा?

ज्येष्ठात मुलीच्या मामाने तिला आपल्या गावी नेऊन तिथे लग्न लावून दिलं. मुलगा बिजवर होता, दोन लहान मुलांचा बाप. वाजंत्री नव्हती. दुखवट्यामुळे काकी गेली नाही. गाडी निघाली तेव्हा ती दारात, उंबऱ्याच्या आतच उभी होती. मुलगी गाडीत बसण्याआधी रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. माझा हात धरला आणि म्हणाली, "आयेकडं जात जा गं. तुज्याशी बोलते ती."

मी जात राहिले. पावसाळाभर, सुगीत, थंडीत. ओटीच्या कोपऱ्यात बसून तांदूळ निवडत असू. पूर्वी ती बोलायची आणि मी ऐकायचे. आता ती बोलत नव्हती. तांदूळ सुपात पडल्याचा आवाज तेवढा यायचा. एकदा मी निवडलेले तांदूळ तिने हातात घेऊन पाहिले आणि म्हणाली, "चांगलं निवडतेस. येक खडा ठेवत नायस." 

माघ पुन्हा आला. आमच्या ओटीवर पुन्हा पंचायत बसली. या वेळी बोलणं बहुतेक स्वराज्याचं होतं, ते येणार, कधी येणार, आलं की डांबरावर हुकूम कुणाचा चालणार. सगळे खुशीत होते. होळीचा विषय निघाला तेव्हा सरपंच म्हणाले, "गेल्या साली झाली तशीच. भांडान नाय, तंटा नाय. सायबानं बी पुरी म्हनून लिवलं. तीच यादी धाडा."

"तरी एकदा वाचून घेऊ," अण्णा म्हणाले. "मुली, तू वाच. आतूनच वाच."

मी आतून वाचू लागले. इंग्रजीवरून मराठीत सांगत सांगत. अग्नी, वरची आळी. ढोल, मधली आळी. नारळ आणि प्रदक्षिणा, खालची आळी. सावर, वाडीकडून. माझा आवाज इतका बारीक होता की कुणीतरी म्हणालं, "जरा मोठ्यानं गं, होळी हाय, मैत नाय." सगळे हसले. आजा हसला नाही. तो त्याच खांबाला टेकून बसला होता, वर्षभरात वाळलेला. यादी संपली. समोर रस्त्यापलीकडे काकीचं दार अर्धवट उघडं होतं. आतल्या अंधारात सूप हलताना दिसत होतं.

"काही राहिलं?" अण्णांनी दर वेळेसारखं विचारलं.

आज्याने रस्त्यापलीकडे पाहिलं. मग त्याचा हात तंबाखूच्या चंचीकडे गेला.

मी कागद हातात घेऊन उंबरा ओलांडला आणि ओटीवर आले. पुरुषांच्या बैठकीत मी कधी आलेले नव्हते. 

"काय गं, शाई सपली?" मधल्या आळीचा पंच म्हणाला.

अण्णा माझ्याकडे पाहत होते. आजा ज्या खांबाला टेकला होता त्यालाच मी धरलं. समोरच्या घरात सूप थांबलं होतं. मग मी बोलले. रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले.

"अण्णा, यादी पुरी नाही. काकीच्या दारातली हाक राहिली आहे. गेल्या वर्षीही राहिली होती, आणि लिहिताना मला ते माहीत होतं."